लोड सेल पेडलवर पायात काय घालावं: मोजे, स्पोर्ट्स शूज की खरे रेसिंग शूज?

प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही सिम रेसिंग करता, म्हणजे घरी स्क्रीनसमोर स्टिअरिंग आणि पेडल लावून गाड्यांची रेस खेळता. तुमच्याकडे आधी स्प्रिंगवाले पेडल होते, त्यावर नुसते मोजे घालून मस्त चालायचं. आता लोड सेलवाला, म्हणजे पायाचा जोर मोजणारा सेट घेतलाय, ब्रेक ५० किलोवर ठेवलाय (म्हणजे तेवढा जोर दिला की पूर्ण ब्रेक लागतो), आणि अर्ध्या तासात डावा चवडा दुखायला लागतो, टाच सरकते. घरातले रनिंग शूज घालून बघितले तर दुखणं थांबलं पण ब्रेक कुठे लागतोय तेच कळेना. मित्र म्हणतो खरे रेसिंग शूज घे. आणि रिग, म्हणजे सीट-स्टिअरिंग-पेडलचा हा सगळा सांगाडा, तुमचा भाऊही वापरतो, त्याच्या पायाचा नंबर वेगळा.

मी गेली बरीच वर्षं सिम रेसिंग करतोय, स्प्रिंगपासून हायड्रॉलिकपर्यंत सगळ्या प्रकारचे पेडल वापरून झालेत, आणि ओळखीतल्या लोकांच्या रिग बसवून द्यायला जातो तेव्हा हा प्रश्न हमखास निघतो. आधी उत्तर सांगतो, मग कारणं. तुम्हाला हवाय पातळ सोलचा बूट, पण पातळ म्हणजे मऊ नाही, दाबल्यावर चेपणारा नको. टाचेची मागची कड गोल हवी, चवड्यापाशी वाकणारा हवा, पायाला घट्ट बसणारा हवा आणि तो फक्त रिगसाठीच ठेवायचा. रेसिंग शूज यात बसतात हे खरं, पण इनडोअर फुटबॉलचे बूटही बसतात, कुस्तीचे बूटही बसतात. त्यामुळे मित्राचं ऐकून लगेच ऑर्डर टाकू नका, खालचं वाचा आणि मग ठरवा.

आता जुन्या पेडलवर मोजे का चालत होते ते बघू, कारण सगळं त्यातच आहे. स्प्रिंगवाला ब्रेक पेडल किती आत गेला ते मोजतो, तुम्ही किती जोर लावला याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आणि ती स्प्रिंग एवढी हलकी असते की पायावर फारसा भारच येत नाही, नुसता घोटा हलवला की काम होतं. लोड सेल उलटा, तो जोर मोजतो. पेडल जेमतेम एक-दोन सेंटिमीटर हलतो आणि बाकी सगळा खेळ ताकदीचा असतो. हे चांगलंच आहे, कारण पाय किती अंतर हलला यापेक्षा किती जोर लावला हे आपल्या शरीराच्या जास्त चांगलं लक्षात राहतं, म्हणून तर लोक लोड सेल घेतात. पण त्याची किंमत तळवा मोजतो. बाजारातले लोड सेल पेडल बघा, थ्रस्टमास्टरचा टी-एलसीएम १०० किलोपर्यंत जोर घेऊ शकतो, हॉयसिंकवेल्डचा स्प्रिंट ६५ किलोपर्यंत, आणि त्यांचा अल्टिमेट १३० किलोच्याही वर जातो. तुम्ही ५० वर आहात. एका लॅपला १२ वेळा ब्रेक लागतो असं धरलं आणि ३० लॅपची रेस धरली तर ३६० वेळा तुम्ही एका छोट्या धातूच्या पट्टीवर पायाच्या पुढच्या भागाने पन्नासच्या आसपास किलो दाबताय. मोज्यांच्या जोरावर हे रोज होणार नाही, चवडा दुखणारच.

नेमकं काय दुखतं तेही सांगतो. अंगठ्याच्या मुळाखाली, चवड्यात, मटाराएवढी दोन छोटी हाडं असतात, सेसमॉइड म्हणतात त्यांना. ब्रेकच्या पट्टीची कड किंवा तिच्यावरची भोकं बरोबर तिथे येतात. बूट नसेल तर सगळा भार तेवढ्याशा जागेवर पडतो, आणि हे रोज झालं की तिथे सूज धरते आणि मग चालतानाही दुखतं. त्यामुळे "सवय होईल" म्हणून रेटू नका. रिगवरून उतरल्यावर दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर चार दिवस ब्रेक ३० किलोवर आणा किंवा सरळ सुट्टी घ्या, आणि तरीही राहिलं तर डॉक्टरला दाखवा. ज्यांना डायबेटिस आहे किंवा तळव्याला बधिरपणा आहे त्यांनी तर अनवाणी किंवा मोज्यांवर कडक ब्रेक दाबूच नये, कारण लागलेलं कळतच नाही.

म्हणजे कडक सोल हवा, जो भार सगळ्या चवड्यावर पसरवेल. मग रनिंग शूजमध्ये दुखणं थांबलं पण ब्रेक का हरवला? इथे मी स्वतः दोन महिने घालवलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रनिंग शूजचा सोल फोमचा असतो आणि तो असतोही जाडजूड. रोडवर पळायच्या स्पर्धेतल्या बुटांना वर्ल्ड ॲथलेटिक्सने ४० मिलिमीटर जाडीची मर्यादा घातली आहे, आणि बाजारातले रोजच्या पळण्याचे बरेच बूट त्याच्या जवळपास पोचलेले असतात. म्हणजे पाय आणि पेडल यांच्यामध्ये तीन-चार सेंटिमीटर फोम. आता तुमच्या ब्रेकमध्ये रबराचे जे तुकडे असतात, इलॅस्टोमर, ते कंपनीने विचार करून बसवलेले असतात, सुरुवातीला थोडं मऊ मग कडक, म्हणजे खऱ्या गाडीच्या ब्रेकसारखं वाटावं. बुटाचा फोम म्हणजे त्याच रांगेत जोडलेली अजून एक स्प्रिंग. दोन स्प्रिंगा एकामागे एक लावल्या की एकूण प्रकार दोन्हीपेक्षाही मऊ होतो, हे शाळेतलं फिजिक्स आहे. तुम्ही कितीही कडक इलॅस्टोमर टाका, फोम मध्ये आहे तोवर पायाला मऊच लागणार.

इथे कोणी म्हणेल की लोड सेल जोर मोजतो ना, मग मध्ये फोम असला तरी जोर तेवढाच पोचणार. बरोबर आहे, पोचतो. पण दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे ब्रेक मारायच्या क्षणी पहिला काही भाग फोम दाबण्यातच जातो, त्यामुळे जोर चढायला वेळ लागतो आणि दर वेळी सारखा चढत नाही. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, सोडताना. ट्रेल ब्रेकिंगमध्ये कोपऱ्यात वळताना तुम्ही ब्रेक हळूहळू सोडत नेता, ६० टक्के, ४०, २०, असं, आणि गाडीचं नाक तिथेच वळतं. फोम ज्या वाटेने दबतो त्याच वाटेने परत येत नाही, थोडी ऊर्जा खातो, रेंगाळतो. पाय वर उचललाय असं तुम्हाला वाटतं पण फोम अजून फुगतोय. मी तेव्हा नवीन लोड सेल घेतला होता आणि जाड रनिंग शूज घालून चालवत होतो, आणि दर कोपऱ्यात मध्यावर गाडी एकतर सरळ जायची नाहीतर मागून सुटायची. मी सेटअप बदलले, ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी) बदलला, ब्रेकचा गॅमा (जोराला ब्रेक किती चढतो ते ठरवणारं सेटिंग) बदलला, इलॅस्टोमर तीन वेळा बदलले. शेवटी एक दिवस टेलिमेट्री, म्हणजे गाडीच्या नोंदींचे आलेख, काढून बसलो तर ब्रेक सोडतानाची रेघ उताराऐवजी पायऱ्यापायऱ्यांची दिसत होती. बूट काढून पातळ सोलचे कॅनव्हास घातले आणि त्याच संध्याकाळी रेघ सरळ झाली. दोन महिने मी पेडलमध्ये चूक शोधत होतो.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. स्प्रिंगच्या पेडलवर भार कमी असतो म्हणून फोम फारसा दबतच नाही, तिथे काय घातलंय याने कमी फरक पडतो. पेडल जेवढा कडक तेवढा बूट महत्त्वाचा होत जातो. त्यामुळे कोणी "मी तर क्रॉक्स घालून जिंकतो" म्हणालं तर आधी त्याला विचारा ब्रेक किती किलोवर आहे.

आता दुसरा मुद्दा, जो फार कमी लोक बोलतात. दोन पायांच्या गरजा वेगळ्या आहेत. डावा पाय ब्रेकवर, त्याला जोर पेलायचाय. उजवा थ्रॉटलवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवर, तिथे भार काहीच नाही, पण घोट्याची बारीक हालचाल लागते, टाच जमिनीवर टेकवून पाय तिच्याभोवती फिरवायचा असतो. डाव्याला कडकपणा हवा, उजव्याला पातळपणा आणि लवचिकपणा. म्हणून काही लोक डाव्या पायात बूट आणि उजव्या पायात नुसता मोजा असं चालवतात, दिसायला विचित्र दिसतं पण त्यामागे विचार आहे. मला स्वतःला ते जमत नाही कारण दोन्ही टाचांची उंची वेगळी होते आणि तासाभराने कंबर सांगायला लागते, पण तुम्ही एकदा करून बघा, फुकटातला प्रयोग आहे. तुम्ही एच-पॅटर्नच्या, म्हणजे हाताने गिअर टाकायच्या जुन्या गाड्या चालवत असाल, क्लच डाव्या पायाने आणि ब्रेक उजव्याने, तर मात्र हे विसरा, दोन्ही पायात सारखाच बूट हवा.

टाच सरकते म्हणालात. यात बुटाचा दोष अर्धाच असतो. आधी खुर्ची बघा. चाकाची ऑफिस खुर्ची असेल तर ५० किलोने ढकलल्यावर खुर्चीच मागे जाते आणि आपल्याला वाटतं पाय सरकला. चाकं अडवा, खुर्ची पट्ट्याने पेडलला बांधा, काहीही करा पण खुर्ची हलता कामा नये, तोवर कुठल्याही बुटाने फरक पडणार नाही. मग पेडलच्या खाली टाच टेकायची जागा. गुळगुळीत धातूची प्लेट असेल आणि तुम्ही सुती मोज्यात असाल तर सरकणारच, तिथे स्केटबोर्डवर लावतात तशी खरखरीत टेप लावा, पण फक्त ब्रेकच्या टाचेखाली लावा. थ्रॉटलच्या टाचेखाली नको, कारण ती टाच जरा फिरायला हवी, अडकली तर पोटरी भरून येते. आणि टाचेला मागून आधार देणारी उभी पट्टी तुमच्या पेडल प्लेटला जोडता येत असेल तर जरूर जोडा, तिची जागा एक-दोन सेंटिमीटर पुढेमागे करून बघा, ब्रेकची पट्टी बरोबर चवड्याखाली यायला पाहिजे. पट्टी तळव्याच्या खोलगट भागाखाली येत असेल तर तळवा दुखेल, बोटांखाली येत असेल तर बोटं आणि पोटरी. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. आणि ही जागा बूट घालूनच ठरवायची, कारण बूट बदलला की टाचेपासून चवड्यापर्यंतचं सगळं माप बदलतं.

बसायची पद्धतही बघा. जीटी पद्धतीत, म्हणजे साध्या गाडीसारखं बसलात तर पायाचं वजन टाचेच्या खालच्या भागावर येतं आणि तिथे सोल पातळ असला तरी चालतो. फॉर्म्युला पद्धतीत पाय जवळजवळ कमरेच्या उंचीवर असतात, पाय समोर ताणलेले, आणि सगळा भार टाचेच्या मागच्या वळणावर येतो. नेहमीच्या बुटाला तिथे कड असते, ती कड प्लेटवर टेकते आणि पाय त्या कडेवर डगमगतो. रेसिंग शूजचा सोल टाचेमागे वर चढवलेला असतो तो याचसाठी, पाय कुठल्याही कोनात असला तरी टाच गोल फिरते. तुम्ही फॉर्म्युला रिगवर असाल तर माझ्या मते खऱ्या रेसिंग किंवा कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्यांची रेस) शूजवर खर्च करायचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

मग येऊ रेसिंग शूजवर. स्पार्को, अल्पाइनस्टार्स, ओएमपी या कंपन्यांचे बूट तुम्ही बघितले असतील. जे खऱ्या कार रेसिंगसाठी असतात त्यांना एफआयएचं, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेचं सर्टिफिकेट लागतं, ८८५६-२००० हे जुनं स्टँडर्ड आणि ८८५६-२०१८ हे नवं. ते स्टँडर्ड आगीबद्दल आहे. पेट घेतला तर पाय काही काळ वाचावा म्हणून आतून आग न पकडणारं कापड, सोल तेलापेट्रोलने खराब न होणारा. घरी बसून खेळताना यातलं काहीच लागत नाही, आणि त्या सगळ्या थरांमुळे पाय उकडतो तो वेगळाच. दोन तासांच्या रेसमध्ये हे चांगलंच जाणवतं. पण त्याच बुटाचा सोल, आकार, चवड्याची पकड, हे सगळं आपल्याला हवं तसंच असतं. म्हणून कार्टिंगचे बूट जास्त बरे. तोच सोल, तोच आकार, पण आगीचं प्रकरण नाही, हवा खेळती आणि किंमतही कमी. घोट्याला आतल्या बाजूने पॅडिंग असतं कारण कार्टमध्ये घोटा आपटतो, त्याचा इथे उपयोग नाही पण त्रासही नाही. तुम्ही कधी ट्रॅकवर खरी गाडी चालवत असाल किंवा चालवायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी, मग सर्टिफिकेटवालेच घ्या आणि घरीही तेच वापरा, पायाला एकच सवय लागते.

सिम रेसिंगसाठी म्हणूनच विकले जाणारे बूटही आता मिळतात, बहुतेक जाळीदार कापडाचे, अगदी हलके, खाली पातळ रबर. थ्रॉटलवर ते अप्रतिम वाटतात. पण विकत घेताना एक परीक्षा करा. सोलवर चवड्याच्या जागी अंगठ्याने जोरात दाबा. अंगठ्याचा दाब आतून दुसऱ्या बोटाला टोकदारपणे लागत असेल तर तो तुमच्या ५० किलोला पुरणार नाही, पट्टीची कड चवड्याला लागेलच. २० किलोच्या ब्रेकवाल्याला तोच बूट छान चालेल. रबराचे ठिपके असलेले ग्रिप मोजे, योगावाले वापरतात ते, यांचंही तेच, स्प्रिंगच्या किंवा हलक्या ब्रेकला उत्तम, तुमच्यासाठी नाही.

आता ज्यांना रेसिंगच्या नावाचं काही घ्यायचं नाही त्यांच्यासाठी. माझी पहिली पसंती इनडोअर फुटबॉलच्या बुटांना, फुटसालचे म्हणतात ते. खाली सपाट गम रबर, चवड्यापाशी पातळ, चेंडू जाणवावा म्हणून वरचा भागही पातळ, आणि अंगाला घट्ट. टाच थोडी चौकोनी असते हा एक दोष. खाली खिळे किंवा गुठळ्या असलेले मैदानाचे बूट नकोत, त्या गुठळ्या पेडलच्या भोकांत अडकतात. कुस्तीचे बूट दुसरे, सोल पातळ आणि टाच बरीच गोल, फॉर्म्युला रिगसाठी स्वस्तातला उत्तम मार्ग, फक्त उंच असतात म्हणून वरच्या दोन भोकांतली लेस सैल ठेवा नाहीतर घोटा आवळला जातो. पातळ सोलचे ते 'बेअरफूट' प्रकारचे बूटही चालतात पण रुंद असतात, पेडल जवळजवळ असतील तर त्रास. पाण्यात घालायचे बूट लोक सुचवतात, हलक्या ब्रेकला ठीक. साधे कॅनव्हासचे बूट, मी वर सांगितले तेच, त्यांच्यातला आतला मऊ इनसोल काढून टाकला की अजून बरे होतात, पण काढल्यावर खालची शिवण हाताने चाचपून बघा, काही बुटांत ती वर आलेली असते आणि टोचते. वेटलिफ्टिंगचे बूट कडक असतात म्हणून काही लोकांना मोह होतो, पण त्यांची टाच मुद्दाम उंच केलेली असते, घोट्याचा कोन बिघडतो, नकोच. आणि चप्पल, स्लिपर कधीच नाही. ब्रेकच्या खाली चपलेचं टोक अडकलं की पुढे काय होतं हे ऑनलाइन रेसमध्ये तुमच्या पुढच्याला भोगावं लागतं.

हील अँड टो, म्हणजे एकाच पायाने ब्रेक आणि थ्रॉटल दोन्ही करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. उजव्या पायाच्या चवड्याने ब्रेक धरून पायाच्या बाहेरच्या कडेने थ्रॉटलला धक्का द्यायचा असतो, त्यामुळे सोलची बाहेरची कड महत्त्वाची. ती फार फुगीर असेल तर थ्रॉटल नको तेव्हा लागतो, फार निमुळती असेल तर पोचतच नाही. फॉर्म्युला वन चॅम्पियन आयर्टन सेनाचा जपानच्या सुझुका ट्रॅकवर होंडा एनएसएक्स चालवतानाचा पायांचा व्हिडिओ बघितला नसेल तर बघा, पायात साधे लोफर (बिनलेसचे बूट) आणि पांढरे मोजे आहेत आणि तिन्ही पेडलवर पाय कसे चाललेत ते बघत राहावं. मी तो नवीन लोकांना नेहमी दाखवतो. लोफरचा सोल पातळ, कडक आणि अरुंद असतो हे त्यात नीट दिसतं, म्हणजे वर जे गुण सांगितले तेच.

घेतलेला बूट बरोबर आहे का हे कसं कळणार? लॅप टाइमवर जाऊ नका, पहिले दोन-तीन दिवस नवीन बुटाने टाइम वाईटच येतो. त्यापेक्षा असं करा. पेडलचं सॉफ्टवेअर उघडा जिथे ब्रेकची टक्केवारी दिसते, डोळे मिटा, आणि मनात ६० टक्के धरून ब्रेक दाबा, तिथेच धरून ठेवा, डोळे उघडून आकडा लिहा. असं दहा वेळा. आकडा ६० यायलाच हवा असं नाही, सगळे आकडे एकमेकांच्या जवळ यायला हवेत. मोज्यांवर दहा, रनिंग शूजमध्ये दहा, नव्या बुटात दहा. माझ्याकडे बघायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचे जाड फोमवरचे आकडे सगळ्यात विखुरलेले आले. मग आठवड्याने परत करा. सोडण्याची परीक्षा वेगळी, ८० टक्क्यांवरून मनात पाच आकडे मोजत शून्यावर या आणि आलेख बघा, उतार गुळगुळीत आहे की मध्ये थबकलाय. बूट बदलल्यावर ब्रेकचं कमाल किलोही परत ठरवा. चवडा वाचला की बरेच जण ५० वरून ६० ला जातात, पण मी म्हणेन आधी दोन आठवडे तिथेच राहा. फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर शंभर किलोच्या वर दाबतात म्हणून आपणही दाबावं असं काही नाही, त्यांच्यामागे गाडीचा स्वतःचा झटका असतो जो शरीर पुढे ढकलतो, आपल्याला सगळं पायानेच करायचंय.

बारीकसारीक गोष्टी पटापट. लेसची गाठ बाजूला खोचा, लोंबती लेस पेडलच्या दांड्यात अडकते, वेल्क्रोची पट्टी असलेला मिळाला तर उत्तम. साइज संध्याकाळी बघा, पाय दिवसभरात थोडे फुगतात, आणि ज्या मोज्यांवर चालवणार तेच घालून बघा. रेसिंग शूज अरुंद असतात, पंजा रुंद असेल तर अर्धा नंबर मोठा घ्या पण टाच आत उचलली जात नाही ना ते बघा, बुटाच्या आत पाय सरकला तर बाकी सगळं व्यर्थ. पेडलला व्हायब्रेशन असेल, उदाहरणार्थ फॅनाटेकच्या क्लबस्पोर्ट व्ही३ ला थ्रॉटल आणि ब्रेक दोन्हीकडे मोटर आहे, तर पातळ सोलचा अजून एक फायदा, चाक लॉक होतंय हे पायाला कळतं, जाड फोममध्ये ते सगळं मरून जातं. आणि हे बूट बाहेर घालून जाऊ नका. सोलमध्ये अडकून आलेली वाळू पेडलवर पडते, पोटेन्शिओमीटरवाल्या (आत घासणाऱ्या सेन्सरच्या) पेडलमध्ये धूळ गेली की सिग्नल उड्या मारायला लागतो, आणि धातूच्या पट्टीवर ओरखडे पडतात. रेस संपल्यावर बूट उघडे करून सुकू द्या, ओलसर बुटात पाय फिरतो आणि वासही मारतो.

राहिला भाऊ. एका रिगवर दोघे असाल तर बूट प्रत्येकाचे वेगळे असणार हे नक्की, पण दोघांनी शक्यतो एकाच जाडीच्या सोलचे घ्या, म्हणजे पेडलची उंची आणि टाचेची पट्टी दर वेळी हलवायला लागणार नाही. एकाच मॉडेलचे दोन नंबर घेतले तर सगळ्यात सोपं. पायाच्या लांबीचा फरक सीट पुढेमागे करून भरून काढा, सीटच्या रुळावर दोघांच्या जागेची मार्करने खूण करून ठेवा. ब्रेकच्या किलोची मात्र तडजोड करू नका, पेडलच्या सॉफ्टवेअरमध्ये दोघांच्या नावाने वेगळी प्रोफाइल करा, तुमची ५० वर आणि त्याची त्याला जमेल तिथे. तो वजनाने हलका असेल किंवा अजून स्प्रिंगच्या सवयीत असेल तर त्याला ३० पासून सुरू करू द्या आणि तोवर ग्रिप मोजे घालू द्या, त्याचे बूट किलो वाढले की घ्या. तुमचे मात्र आत्ताच घ्या, आणि ते येईपर्यंत तुमचाही ब्रेक ३० वर आणून चालवा, चवड्याला तेवढी विश्रांती हवीच आहे.